अँटीव्हायरस, ऑफिस, विंडोज: कंपनीकडून घ्यायचं की डीलरकडून, आणि डीलरकडे एवढं स्वस्त का?

मामांचं साताऱ्यात झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे, तीन कॉम्प्युटर, दिवसभर लोकांचे पेनड्राइव्ह आत-बाहेर, त्यामुळे अँटीव्हायरसशिवाय तिथे एक दिवस निघत नाही. लायसन्स संपत आलं की स्क्रीनच्या कोपऱ्यात रिन्यू करा रिन्यू करा सुरू होतं, त्यावर क्लिक केलं की कंपनीच्या साइटवर पूर्ण भाव दिसतो, आणि तेच पॅक दोन गाळे सोडून बसलेल्या कॉम्प्युटरवाल्याकडे बरंच कमी. मामांचा प्रश्न सरळ होता, अरे कंपनी स्वतः बनवते, तिला तर अजून स्वस्त देता यायला पाहिजे, मग हा मधला माणूस कमी भावात कसा देतो, माल डुप्लिकेट आहे का?

डुप्लिकेट नसतो, निदान अधिकृत डीलरकडचा तरी. कांदे-बटाटे विकताना प्रत्येक किलोमागे खरेदीचा खर्च असतो, सॉफ्टवेअरला बनवायला आणि अपडेट देत राहायला भरपूर खर्च येतो पण एकदा ते तयार झालं की अजून एक प्रॉडक्ट की, म्हणजे ते चालू करायचा कोड, काढायला कंपनीला जवळजवळ काहीच लागत नाही. म्हणून एमआरपी आणि डीलरला पडणारा भाव यांच्यात मोठी जागा ठेवता येते, आणि कंपन्या ती मुद्दाम ठेवतात, कारण डबा काउंटरवरून उचलून गिऱ्हाइकाच्या हातात देणारा माणूस डीलरच असतो. समजा डब्यावर २,००० छापलेत, डीलरला तो १,१०० ला पडला आणि त्याने तुम्हाला १,३०० ला दिला, तर वरच्या २०० मधला १८ टक्के जीएसटी बाजूला काढून त्याच्या हातात १७० च्या आसपास उरतात. तुम्हाला ७०० ची सूट दिसते, ती त्याने स्वतःच्या मार्जिनमधून सोडलेली असते, कंपनीला तिच्या वाटणीचे पैसे आधीच पोचलेले असतात.

ही साखळीही समजून घ्या. कंपनी माल देते मोठ्या डिस्ट्रिब्युटरला, रेडिंग्टन, इनग्राम मायक्रो, राशी पेरिफेरल्स ही त्यातली मोठी नावं, त्यांच्याकडून तो जातो शहरातल्या डीलरकडे आणि तिथून लहान दुकानांत किंवा ऑनलाइन विक्रेत्यांकडे. प्रत्येक टप्प्यावर स्कीम असते, इतके डबे उचलले तर हा भाव, त्याच्या दुप्पट उचलले तर वर अजून काही टक्के, आणि तिमाहीचं टार्गेट गाठलं तर मागाहून क्रेडिट नोट, म्हणजे हिशेबात परत मिळणारी रक्कम. त्यामुळे टार्गेटला पंधरा डबे कमी पडत असतील तर डीलर ते पडत्या भावातही काढतो, कारण त्याची कमाई त्या पंधरा डब्यांत नसते, टार्गेटवर मिळणाऱ्या क्रेडिट नोटमध्ये असते. तिमाही संपताना चौकशी केली तर भाव थोडा अजून खाली येतो तो यामुळेच. नवीन लॅपटॉपसोबत अँटीव्हायरस जवळपास फुकट मिळतो तेव्हाही हाच प्रकार, दुकानदाराला लॅपटॉप विकायचा असतो.

मग कंपनी स्वतःच १,३०० ला का विकत नाही? विकेल हो, पण दुसऱ्या दिवसापासून एकही डीलर तिचा डबा पुढे करणार नाही, शेजारच्या ब्रँडचा करेल. आपल्या पुण्याच्या क्विक हीलचंच बघा. कैलाश काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्तीतून कॉम्प्युटर दुरुस्तीकडे आले, धाकटे भाऊ संजय यांनी अँटीव्हायरस बनवला, १९९० च्या दशकात घरोघरी इंटरनेट नव्हतं, तेव्हा सॉफ्टवेअर गावोगाव पोचवणारा माणूस म्हणजे तिथला कॉम्प्युटर दुरुस्तीवाला. २०१६ मध्ये कंपनीचा आयपीओ आला, आज साइटवरूनही घेता येतं, पण ज्यांच्या काउंटरवर धंदा उभा राहिला त्यांचाच भाव पाडायचा हे कुठल्याही अशा कंपनीला परवडत नाही. मला तर हे योग्यच वाटतं. तालुक्याच्या गावी रात्री आठ वाजता येऊन व्हायरस काढून देणारा तोच असतो, कंपनीचा कस्टमर केअर तिथे येत नाही.

दुसरं असं की साइटवरचा भाव हा सगळ्या हिशेबाचा पाया असतो, डीलरला किती टक्के सोडायचे, मोठ्या ऑफिसला किती, शाळा-कॉलेजला किती, हे सगळं त्याच आकड्यावरून ठरतं, तो खाली आला की सगळंच खाली येतं. आणि त्या रिन्यूच्या बटणावर क्लिक करणारा माणूस आधीच ठरवून आलेला असतो, त्याला घाई असते, चार ठिकाणी विचारायला वेळ नसतो, त्याच्यासाठी सूट कशाला द्यायची हाही विचार असतोच.

कोणी म्हणेल, कंपनी डीलरला दम का देत नाही की यापेक्षा खाली विकू नकोस? आपल्याकडे ते सोपं नाही. एमआरपी म्हणजे जास्तीत जास्त किंमत, खाली विकायला दुकानदार मोकळा, आणि सूट देऊ नका अशी बळजबरी केली आणि त्याने बाजारातल्या स्पर्धेला धक्का बसला तर २००२ च्या स्पर्धा कायद्यात ते बसत नाही. गाड्यांच्या धंद्यात डीलरच्या सुटीवर बंधन घातलं म्हणून २०२१ मध्ये स्पर्धा आयोगाने मारुती सुझुकीला २०० कोटींचा दंड लावला होता, कंपनी त्यावर अपिलात गेली, पण हा विषय किती गंभीर धरला जातो हे त्यावरून कळतं.

आता प्रत्यक्ष कुठून घ्यायचं. अँटीव्हायरससाठी माझं उत्तर सरळ आहे, अधिकृत डीलर. मुदत डबा घेतल्यापासून मोजत नाहीत, ॲक्टिव्हेट केल्यापासून मोजतात, आणि डबा सहा महिने जुना असला तरी इन्स्टॉल केल्यावर नवीन व्हर्जन मिळतं, म्हणजे जुन्या स्टॉकचा इथे काही तोटा नाही. कंपनीच्या साइटचा फायदा एवढाच की रात्री बारालाही मिनिटभरात होतं आणि रिफंड मागायला समोर एकच पार्टी असते. पण तिथे कार्ड दिलं की ऑटो रिन्यूअलची खूण आधीच केलेली आहे का ते बघा, पहिल्या वर्षाची ऑफर संपून पुढच्या वर्षी पूर्ण भाव कापला जातो. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने पैसे कापायच्या २४ तास आधी मेसेज येतो, पण १५,००० पर्यंतच्या रकमेला पुन्हा ओटीपी लागत नाही, त्यामुळे मेसेज वाचायचा राहिला तर पैसे गेले.

मायक्रोसॉफ्ट ३६५, म्हणजे वर्गणी भरून वापरायचं ऑफिस (वर्ड, एक्सेल वगैरे), त्याचं थोडं वेगळं. ते तुमच्या अकाउंटला जोडलेलं असतं, तेव्हा विक्रेत्याकडून घेतलेला वर्षाचा कोड त्याच अकाउंटवर टाकला की मुदत पुढे सरकते, अशी पाच वर्षांपर्यंतची जमा करता येते. म्हणजे सेलमध्ये स्वस्त मिळाला की घेऊन टाकायचा, चालू वर्ष संपायची वाट बघायची गरज नाही. फक्त कोड भारतातला हवा. घरात चार-पाच जण वापरत असाल तर फॅमिली घ्या, सहा जणांना चालतं आणि प्रत्येकाला फाइली ठेवायला वेगळी १ टीबी ऑनलाइन जागा मिळते. महिन्या-महिन्याने घेऊन कधीही बंद करायचं असेल तर मात्र थेट कंपनीकडूनच बरं, रद्द करणं आपल्या हातात राहतं.

एकदाच पैसे भरून घ्यायच्या मायक्रोसॉफ्ट ऑफिसमध्ये जुना स्टॉक खरंच नडतो. ऑफिस २०१९ कोणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका, १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा सपोर्ट संपलाय, विंडोज १० चाही त्याच दिवशी. आणि दुकानासाठी होम आवृत्ती घेऊ नका, ती घरगुती वापराची असते, धंद्याची वेगळी मिळते, भावातला मोठा फरक कित्येकदा एवढाच असतो.

विंडोजमध्ये डीलर दोन भाव सांगतो, रिटेल (सुट्टं विकलं जाणारं) आणि ओईएम (नवीन पीसीसोबत द्यायचं). ओईएम स्वस्त असतं कारण ते पहिल्या मशीनलाच बांधलेलं असतं, मदरबोर्ड बदलला किंवा नवीन पीसी घेतला की तिकडे नेता येत नाही, शिवाय सपोर्ट पीसी बनवणाऱ्याने द्यायचा असतो. रिटेल जुन्या मशीनवरून काढून नवीनवर टाकता येतं. पाच वर्षं तोच पीसी ठेवणार असाल तर नवीन पीसीसोबत ओईएम ठीक, सारखे पार्ट बदलत असाल तर रिटेलचे जास्तीचे पैसे भरा.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. डीलरची सूट कितीही असली तरी त्याच्या खरेदीच्या फार खाली जाऊ शकत नाही, चार अधिकृत दुकानांत विचारा, भाव थोडाफार इकडेतिकडे पण एकाच पट्ट्यात येतील. त्या पट्ट्याच्या खूप खाली, पाच-सात हजारांची वस्तू चारशे-पाचशेला, असं दिसलं तर ती सूट नव्हे, ती वस्तूच वेगळी आहे. मी २०२२ मध्ये एका साइटवरून अशीच ऑफिसची प्रॉडक्ट की घेतली होती, ४९९ रुपये, मेलवर आली, चालू पण झाली. पाच महिन्यांनी वर लाल पट्टी आली, लायसन्स वैध नाही, आणि फाइल उघडायची पण एक अक्षर बदलता येईना. बहिणीचा प्रोजेक्ट रिपोर्ट दुसऱ्या दिवशी द्यायचा होता, रात्री साडेदहाला शेजारच्या काकांचा लॅपटॉप मागून आणला आणि तिने दीडपर्यंत बसून पूर्ण केला. विक्रेत्याला चार मेल केले, उत्तर आलं नाही, बिल नव्हतंच.

नंतर कळलं की अशा बऱ्याच प्रॉडक्ट की मोठ्या कंपन्यांच्या व्हॉल्यूम लायसन्समधल्या, म्हणजे एकदम अनेक मशीनसाठी घेतलेल्या लायसन्समधल्या असतात, ठरावीक संख्येपर्यंत ॲक्टिव्हेशन चालतात, तीच की शेकडो जणांना विकली जाते आणि मायक्रोसॉफ्ट ती ब्लॉक करतं. काही जण तयार युजरनेम-पासवर्डच देतात, ते तर अजून वाईट, ते अकाउंट कुठल्यातरी संस्थेचं असतं, तिथला ॲडमिन ते कधीही बंद करू शकतो आणि तुमच्या फाइली त्याच्या ताब्यात राहतात. आधार-पॅनचे स्कॅन ज्या कॉम्प्युटरवर होतात तिथे हे चालणार नाही.

जर्मनीत वगैरे राहणारे आपले लोक सांगतात की तिकडे वापरलेलं लायसन्स विकणं कायदेशीर आहे, आणि ते खरंय, सॉफ्टवेअर कंपनी ओरॅकल आणि वापरलेली लायसन्स विकणारी यूजसॉफ्ट यांच्या खटल्यात युरोपीय संघाच्या न्यायालयाने ३ जुलै २०१२ ला तसा निकाल दिला. पण तो कायमच्या लायसन्ससाठी, आणि आधीच्या मालकाने आपली कॉपी बंद केली तरच, शिवाय अनेक युजरचं एक लायसन्स फोडून तुकड्यांनी विकायला त्यात परवानगी नाही. तो निकाल दाखवून इकडे बसून ४९९ ची की घेण्यात अर्थ नाही.

मामांना शेवटी त्याच दोन गाळे सोडून असलेल्या डीलरकडून तीन युजरचं पॅक घेऊन दिलं. सील बघून घेतलं, बिलावर मामांच्या दुकानाचा जीएसटी नंबर घातला म्हणजे भरलेला १८ टक्के कर मामांच्या जीएसटी रिटर्नमध्ये वळता होईल, आणि प्रॉडक्ट कीचे शेवटचे चार अंक बिलावर लिहून घेतले. जुनं लायसन्स संपायला तीन दिवस होते, तेव्हा आधी डीलरला विचारलं की उरलेले दिवस पुढे धरले जातात का, तो हो म्हणाला आणि त्यानेच समोर बसून तिन्ही मशीनवर टाकून दिलं. डब्यातला पुठ्ठा आणि बिल पिनने जोडून ड्रॉवरमध्ये ठेवलंय, वर मार्करने पुढच्या वर्षीची तारीख.