इंजिन ७५ मिमी मागे घेऊन देतो म्हणाला आणि २,७९५ पौंड घेऊन मोकळा झाला

यूकेत राहून गॅरेजमध्ये स्वतःची किट कार बांधायचं खूळ ज्यांच्या डोक्यात आहे त्यांच्यासाठी लिहितोय. ज्या फॅब्रिकेटरने मला फसवलं त्याचं नाव लिहिणार नाही, कोर्टात क्लेम टाकलाय. आकडे मात्र सगळे लिहितो, एकही गोल केलेला नाही.

माझी सेव्हन टाइपची (जुन्या लोटस सेव्हनसारखी उघडी, हलकी) किट आहे, डोनर म्हणजे जिचे भाग काढून वापरले ती गाडी पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५, १.८ चं इंजिन. गाडी पुढून जड वाटत होती, रेडिएटरला पण धड जागा नव्हती, म्हणून इंजिन ७५ मिमी मागे घ्यायचं ठरवलं. ज्यांनी हे केलंय त्यांना माहितीये, नुसते माउंट सरकवून भागत नाही. फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधली भिंत) कापून आत घ्यावी लागते, टनेल (गिअरबॉक्सवरचा मधला उंचवटा) रुंद करावा लागतो, पायाची जागा जाते, प्रॉपशाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा) तेवढाच तोकडा करून बॅलन्स करून घ्यावा लागतो, आणि एमएक्स-५ला गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरेन्शिअलपर्यंत जो अ‍ॅल्युमिनियमचा लांब पीपीएफ (पॉवर प्लांट फ्रेम) असतो तो एकतर कापायचा नाहीतर काढून टाकून गिअरबॉक्सला वेगळा क्रॉसमेंबर (आडवा आधार) द्यायचा. मला वेल्डिंग येतं, पण चॅसीच्या डायगोनल (तिरप्या) ट्यूबवर स्वतः हात चालवायची हिंमत नव्हती. ज्या गाडीत बायकोमुलांना बसवायचंय तिच्यावर शिकाऊ वेल्डिंग करणार का मी?

मिडलंड्समधल्या एका इंडस्ट्रियल इस्टेटवर या बाबाचं युनिट, म्हणजे वर्कशॉप होतं. जिग (वेल्डिंग करताना चॅसी पक्की धरणारा सांगाडा) होता, आत दोन गाड्या उभ्या होत्या, बोलणं तर असं की दहा मिनिटांत त्याने मलाच ट्रायअँग्युलेशन (त्रिकोणी जोडणीने चॅसी मजबूत करणं) समजावून सांगितलं. कोटेशन ३,४०० पौंड. अर्धे आधी, म्हणजे १,७००. कार्ड मशीन बिघडलंय, ट्रान्सफर कर म्हणाला. हे "मशीन बिघडलंय" ऐकलं की तिथूनच मागे फिरा. क्रेडिट कार्डावर १०० पौंडांच्या वरची वस्तू किंवा काम असेल तर १९७४ च्या कायद्यातल्या कलम ७५ खाली कार्डवाली कंपनीही जबाबदार धरता येते, ट्रान्सफर केलं की ते कवच गेलं.

मग ३८५ पौंड प्रॉपशाफ्ट कापून बॅलन्स करायचे. तेही दिले, कारण तो खर्च खरोखर असतो, त्यात संशय घ्यायचं काहीच नव्हतं.

आणि मग तो फोटो आला. अजून आठवला की डोकं फिरतं. इंजिन बसवलेलं, पुढच्या क्रॉसमेंबरपासून इंजिनच्या पुढच्या टोकाच्या क्रँक पुलीपर्यंत टेप लावलेली, आकडा आधीपेक्षा बरोब्बर ७५ ने जास्त. खाली "डन मेट". आता नीट ऐका. त्याच फोटोत गिअर लिव्हर टनेलच्या जुन्या भोकातून वर आलेला होता, अगदी मधोमध! इंजिन मागे गेलं तर गिअरबॉक्स मागे जाणार, गिअरबॉक्स मागे गेला तर लिव्हर जुन्या भोकात येईलच कसा? खाली पीपीएफ पण अख्खाच्या अख्खा दिसत होता, कुठे कापल्याची खूण नाही. हे सगळं मला माहीत असलेलं, मीच चार लोकांना सांगितलेलं. पण माझी नजर टेपवर, आणि टेपचं सुरुवातीचं टोक फोटोच्या बाहेर होतं. दिवसभर ऑफिस करून रात्री फोनच्या एवढ्याशा स्क्रीनवर कोण टेपचं टोक शोधत बसतं सांगा. तरी मी लिव्हरबद्दल विचारलं होतं, मेसेज आहे माझ्याकडे. उत्तर आलं की लिव्हर तात्पुरता लावलाय, टनेलचं पॅनल शेवटी कापतात. पटण्यासारखंच होतं की! त्याच रात्री पावडर कोटिंगचे ४६० आणि आयव्हीए टेस्टच्या (घरी बांधलेली गाडी रस्त्यावर आणायला लागणारी तपासणी) कागदपत्रांचे २५० पाठवले. झाले २,७९५, म्हणजे जवळपास तीन लाख रुपये.

त्यानंतर फोन बंद. युनिटवर गेलो तर शटरबाहेर माझी चॅसी ताडपत्रीखाली, सोबत इंजिन एका पॅलेटवर, शेजारच्या टायरवाल्याने चहा पाजला एवढीच काय ती सेवा. घरी आणून मापं घेतली. माउंट जुन्याच जागी, वर नुसत्या नव्या प्लेटा टाकलेल्या. प्रॉपशाफ्ट तोच, तेवढाच, ताजा रंग मारलेला. पावडर कोटिंग नखाने खरवडलं तर निघालं, स्प्रेचा डबा होता तो. आणि इंजिन बाहेर काढायला दोन डायगोनल कापून परत जोडलेल्या, १.६ मिमीच्या ट्यूबवर वेल्ड नुसता वरवर बसलेला, आत शिरलेलाच नाही. रंग लागायच्या आधी प्रत्येक वेल्ड उघड्या धातूवर स्वतः जाऊन बघा, रंगाखाली काहीही लपतं. दुसऱ्या फॅब्रिकेटरने पुढचा भाग नव्याने करायचे २,१५० सांगितलेत.

आता अधिकाऱ्यांचं ऐका. पोलीस म्हणाले ही सिव्हिल मॅटर (दिवाणी वाद) आहे. अहो, प्रॉपशाफ्ट कापलेला नसताना कापला म्हणून ३८५ घेतले, याला सिव्हिल म्हणायचं? ऑनलाइन तक्रार केली, रेफरन्स नंबर आला, मग पत्र आलं की तपासाला पाठवत नाही आहोत, पण तुमची माहिती "उपयुक्त" आहे. कोणाला उपयुक्त? ग्राहक हेल्पलाइनवरची बाई गोड बोलली, नोंद केली, आणि नोंदीचं पुढे काय होतं ते कळवलं जात नाही असंही गोडच सांगितलं. बँकेने तर कमाल केली. ७ ऑक्टोबर २०२४ पासून फसवून करून घेतलेल्या ट्रान्सफरचे पैसे ८५,००० पौंडांपर्यंत परत द्यायचा नियम आहे, त्याच्या जाहिराती आपण बघतोच. मला उत्तर काय, तर त्याने "काही काम केलेलं आहे" म्हणून ही फसवणूक नाही, व्यापाऱ्याशी वाद आहे. म्हणजे माझ्या दोन ट्यूब कापल्या हे त्याचं काम! काहीच न करता पळाला असता तर माझी केस जास्त मजबूत झाली असती. पुण्याहून भाऊ म्हणतो, इथे असतास तर आरटीओने चॅसीला हातच लावू दिला नसता, पैसे वाचले असते. जखमेवर मीठ.

कंपनीज हाउसवर (यूकेतल्या कंपन्यांची सरकारी नोंदणी) फुकटात शोधता येतं, पण कंपनीच्या नावाने शोधू नका, डायरेक्टरच्या नावाने शोधा. मी कंपनी बघितली होती, स्वच्छ दिसली. डायरेक्टर बघितला तेव्हा मागे बंद केलेल्या दोन सापडल्या, आणि ही तिसरीही स्ट्राइक ऑफला (नोंदणीतून नाव काढून बंद करायला) टाकलेली. कंपनी एकदा विसर्जित झाली की क्लेम कोणावर लावणार? नोटीस निघाली की ऑब्जेक्शन घ्यायला साधारण दोन महिने मिळतात, ऑनलाइन होतं, पैसे लागत नाहीत. मी घेतलं, सध्या ते थांबलंय. स्मॉल क्लेम्स (छोट्या रकमेचे दावे) कोर्टात १०,००० पौंडांपर्यंत चालतं, माझ्या रकमेला फी ११५ पौंड पडली, म्हणजे अजून ११५ गेले.

परवा अचानक त्याचा मेसेज. माझे जुने इंजिन माउंट त्याच्याकडे पडून आहेत, रोजचे १५ पौंड स्टोरेज लागतंय, घेऊन जा. उत्तर दिलं नाही, स्क्रीनशॉट क्लेमच्या कागदांना जोडलाय.