स्टॅट्सची रिव्हिजन: नोट्स वाचायच्या, व्हिडिओ बघायचे की सरळ जुने पेपर घ्यायचे?

माझं मत आधीच सांगते, म्हणजे घाईत असलेल्यांना पूर्ण वाचायची गरज नाही. सिलॅबस एकदा तरी नीट झाला असेल तर सरळ जुने पेपर. बेसिकच कच्चं असेल तर आधी दोन दिवस नोट्स आणि मग पेपर. व्हिडिओ फक्त ठरावीक दोन-तीन टॉपिकपुरते. अकरावी-बारावीचं स्टॅटिस्टिक्स असो, एफवाय बीकॉमचं असो की बीएस्सी-बीबीएचं पहिलं वर्ष असो, मीन-मीडियनपासून बायनॉमियल-नॉर्मलपर्यंत मसाला तोच आहे, त्यामुळे हे सगळ्यांनाच लागू पडतं.

आता कारण. स्टॅट्समध्ये फॉर्म्युला पाठ असणं हे अर्धंच काम आहे, कुठला फॉर्म्युला लावायचा हे ओळखणं हीच खरी परीक्षा आहे. एक उदाहरण बघा. खोक्यात १० बल्ब, त्यातले ३ खराब, एकामागोमाग २ काढले आणि पहिला परत ठेवला नाही, तर दोन्ही खराब निघण्याची प्रॉबेबिलिटी ३/१० गुणिले २/९ म्हणजे १/१५, साधारण ०.०६७. तोच बल्ब परत ठेवून दुसरा काढला तर ०.३ गुणिले ०.३ म्हणजे ०.०९. आणि प्रश्न असा आला की कंपनीच्या मालात ३० टक्के बल्ब खराब असतात, २ उचलले, तर खोकं वगैरे काही नाही, माल भरपूर आहे, सरळ बायनॉमियल, उत्तर पुन्हा ०.०९. तिन्ही प्रश्न पेपरात दिसायला सारखेच, फरक एका-दोन शब्दांचा. नोट्समध्ये हे वेगवेगळ्या चॅप्टरमध्ये येतात आणि चॅप्टरच्या नावातच उत्तराची अर्धी हिंट मिळून जाते. पेपरात वर नाव लिहिलेलं नसतं.

म्हणून नोट्स वाचताना जे 'हो हो, हे येतंय मला' असं वाटतं ना, त्याच्यावर फार विश्वास ठेवू नका. हे नुसतं माझं म्हणणं नाही. २००६ साली रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर प्रयोग केला होता, काहींनी उतारा पुन्हा वाचला आणि काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी टेस्ट घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. तो उतारा होता, गणित नव्हतं. पण २००७ मध्ये रोरर आणि टेलर यांनी गणितावरच केलं, घनाकृतींचं घनफळ काढायचे चार प्रकार, एका गटाला एकेक प्रकार सलग सोडवायला दिला आणि दुसऱ्याला सगळे मिसळून. सराव चालू असताना सलगवाल्यांचं ८९ टक्के बरोबर, मिसळवाल्यांचं फक्त ६०. आठवड्यानंतरच्या टेस्टमध्ये सलगवाले २० टक्क्यांवर आले आणि मिसळवाले ६३ वर! म्हणजे सराव करताना जो जास्त अडखळत होता तोच शेवटी टिकला. जुना पेपर म्हणजे हाच मिसळलेला सराव, आणि तोही आयता तयार, वेगळं काही करायला नको.

पण नोट्स एकदम टाकाऊ आहेत असं अजिबात नाही. कॉमर्सच्या पेपरात थिअरी असते, मीनचे गुण-दोष सांगा, क्लासिफिकेशन आणि टॅब्युलेशनमधला फरक लिहा, सॅम्पलिंगच्या पद्धती सांगा, हे वाचूनच येतं आणि हे मार्क सोडून देणं मला पटत नाही. डेफिनिशनचंही तसंच. म्युच्युअली एक्सक्लुझिव्ह आणि इंडिपेंडंट या दोन गोष्टींची गल्लत इतकी पोरं करतात की विचारू नका. दोन घटना एकत्र घडूच शकत नसतील तर एक घडली की दुसरीची शक्यता शून्य झाली, मग त्या इंडिपेंडंट कशा असतील? (दोघींची प्रॉबेबिलिटी शून्यापेक्षा जास्त आहे असं धरून.) एवढं एक वाक्य शांतपणे वाचून डोक्यात बसवायला नोट्सच लागतात, पेपर सोडवून ते बसत नाही, उलट चुकीचंच पक्कं होतं.

व्हिडिओंचं म्हणाल तर स्टँडर्ड डेव्हिएशनचं गणित दुसऱ्याने सोडवलेलं बघण्यात वेळ घालवू नका, ते हाताने केल्याशिवाय येत नाही. पण कंडिशनल प्रॉबेबिलिटी, बेज थिअरम आणि नॉर्मल कर्वखालचा एरिया, या तीन ठिकाणी चांगला व्हिडिओ पुस्तकापेक्षा लवकर समजावतो कारण तिथे चित्र लागतं. बेजसाठी तर मी म्हणेन की फॉर्म्युला बाजूला ठेवा आणि हजार वस्तू डोळ्यासमोर आणा. समजा फॅक्टरीत ६० टक्के माल पहिल्या मशीनवर बनतो आणि त्यातला २ टक्के खराब निघतो, ४० टक्के दुसऱ्यावर बनतो आणि त्यातला ३ टक्के खराब. एक वस्तू खराब निघाली, ती पहिल्या मशीनची असण्याची शक्यता किती? हजारात ६०० पहिल्याच्या, त्यातल्या खराब १२. दुसऱ्याच्या ४००, त्यातल्या खराब १२. एकूण खराब २४, त्यातल्या १२ पहिल्याच्या, म्हणजे बरोब्बर ०.५. हे एकदा असं मोजून केलं की फॉर्म्युल्यातला खालचा तो लांबलचक भाग नुसती खराब वस्तूंची बेरीज आहे हे आपोआप दिसतं, आणि मग २ टक्के आणि उलटं ५० टक्के यांची गल्लत होत नाही. व्हिडिओ बघायचा तर पेन हातात ठेवून, मध्ये थांबवून, पुढची पायरी स्वतः लिहून मग प्ले करायचा. झोपताना कानात लावून ऐकायचा हा विषय नाही.

आता पेपर कसे सोडवायचे, कारण नुसते 'पेपर सोडवा' म्हणणं सोपं आहे. पहिल्या दिवशी घड्याळ लावायची घाई नको. एक पेपर घ्या आणि प्रत्येक प्रश्नाशेजारी फक्त लिहा की हे कुठल्या टॉपिकचं आहे आणि कशावरून ओळखलं, सोडवू नका. ओळखायच्या खुणा पेपरातच असतात. प्रश्नाच्या शेवटी ई चा उणे दोनवा घात ०.१३५३ अशी किंमत दिली असेल तर जवळजवळ नक्की पॉयसन (ठरावीक वेळात किंवा जागेत एखादी घटना किती वेळा घडेल, त्याचं डिस्ट्रिब्युशन). ठरावीक वेळा प्रयोग, दर वेळी तीच शक्यता, जमलं किंवा नाही जमलं, तर बायनॉमियल. बायनॉमियलचं मीन ५ आणि व्हेरिअन्स ६, टिप्पणी करा, असं विचारलं तर गणित करूच नका, बायनॉमियलमध्ये व्हेरिअन्स मीनपेक्षा मोठा असूच शकत नाही, विधान चूक, कारण लिहा आणि पुढे जा. ही ओळखायची सवय नोट्स कितीही वाचल्या तरी लागत नाही, माझा पेपरांवर जीव आहे तो यासाठीच.

रिग्रेशनमध्ये तर पेपरांशिवाय पर्यायच नाही. दोन समीकरणं देतात आणि कुठलं वाय ऑन एक्स (म्हणजे एक्सवरून वायचा अंदाज देणारं) ते सांगत नाहीत. उदाहरणार्थ एक्स − २ वाय + ३० = ० आणि २५ एक्स − १८ वाय + ११० = ०. दोन्ही एकत्र सोडवली की मीन मिळतात, एक्सचं १० आणि वायचं २०, इथपर्यंत सगळे येतात. पुढे पहिलं वाय ऑन एक्स धरा, कोइफिशियंट ०.५ येतो, दुसरं एक्स ऑन वाय, १८/२५ म्हणजे ०.७२. दोन्ही कोइफिशियंटचा गुणाकार म्हणजे आर चा (कोरिलेशनचा) वर्ग, तो ०.३६, दोन्ही पॉझिटिव्ह, म्हणून आर ०.६. उलटं धरलं असतं तर २ गुणिले २५/१८, म्हणजे २.७८ च्या आसपास, आणि आर चा वर्ग १ च्या वर जाऊ शकत नाही, म्हणजे धरलेलं चूक. गुणाकार १ च्या आत आहे का ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे आणि ती न केल्याने पूर्ण प्रश्न जातो, तेव्हा कितीही घाई असली तरी करा.

पेपरांची बाजू घेतेय म्हणून त्यांच्यातला धोकाही सांगायला हवा. पॅटर्न बदललेला असेल तर जुन्या पेपरात असे प्रश्न असतात जे आता सिलॅबसमध्येच नाहीत, म्हणून आधी सिलॅबस शेजारी ठेवून काट मारून घ्या. दुसरं म्हणजे अपेक्षित प्रश्नांच्या पुस्तकातली किंवा ग्रुपवर फिरणारी उत्तरं चुकीची असू शकतात, विशेषतः मीडियनच्या गणितात. क्लास १०-१९, २०-२९ असे दिलेले असतील तर बाऊंडरी ९.५-१९.५ अशा करून घ्याव्या लागतात, आणि ते न करता काढलेलं उत्तर छापलेलं असतं. उत्तर जुळलं नाही की लगेच आपलंच चुकलं असं धरू नका, पुन्हा करून बघा.

वेळेचा हिशोब. पंधरा दिवस असतील तर पहिले चार-पाच दिवस नोट्स आणि त्याच धड्यांची थोडी गणितं, बाकी सगळे पेपर, एक दिवसाआड एक, आणि मधल्या दिवशी फक्त चुकलेले प्रश्न. चार दिवस असतील तर व्हिडिओ विसरा, फॉर्म्युल्यांचं एक पान स्वतःच्या हाताने लिहा (छापील घेऊ नका, लिहितानाच अर्धं आठवतं) आणि पेपर. एकच रात्र असेल तर मात्र माझा सल्ला उलटा आहे, नवीन पेपर उघडू नका, थिअरी आणि आधी सोडवलेली गणितं वाचा, कारण त्या प्रयोगातही पाच मिनिटांनंतर वाचणारेच पुढे होते.

ग्रुप स्टडी मी वेगळी धरत नाही. दुसऱ्याला समजावता आलं तर उत्तम, गप्पाच होत असतील तर घरी बसा.

पद्धत कुठलीही घ्या, दोन गोष्टी परीक्षेआधी हाताळून ठेवाच. कॅल्क्युलेटर चालत असेल तर त्यात स्टँडर्ड डेव्हिएशनच्या दोन किंमती येतात, एक एन ने भागलेली आणि एक एन वजा १ ने. ४, ५, ६, ७, ८ टाकून बघा, एक १.४१ दाखवेल आणि एक १.५८, तुमच्या सिलॅबसमध्ये कुठली धरतात ते नोट्समधून बघून घ्या. आणि नॉर्मलचा टेबल दोन प्रकारचा असतो, १.९६ समोर काही टेबलात ०.४७५० असतं आणि काहींत ०.९७५०. पहिल्यात एरिया मधल्या रेषेपासून मोजलाय, दुसऱ्यात पार डाव्या टोकापासून. टेबल हातात आला की आधी शून्यासमोर काय लिहिलंय ते बघायचं, ०.०००० असेल तर पहिला प्रकार, ०.५००० असेल तर दुसरा, आणि मगच गणिताला हात घालायचा.