जुन्या फियाटचा गंज काढायचाय? जळगावच्या या मिस्त्रीकडे न्या

ज्यांच्या दारात जुनी पद्मिनी (म्हणजे आपली फियाटच), अँबेसेडर किंवा पहिली मारुती ८०० उभी आहे आणि दाराखालून पत्र्याचे पापुद्रे गळायला लागलेत त्यांच्यासाठी लिहितोय. आपल्याकडे जळगाव-धुळ्यात इंजिन बांधणारे मिस्त्री पैशाला पासरी आहेत, पण गंजाचं काम मुळापासून करणारा माणूस शोधता शोधता माझ्या नाकी नऊ आले. शेवटी सापडला तो अजिंठा चौफुलीकडून एमआयडीसीत शिरल्यावर एका पत्र्याच्या शेडमध्ये. शेडवर बोर्ड नाही, बाहेर दोन जुन्या फियाट आणि एक जीप उभी दिसली की तेच ठिकाण.

माझी गाडी १९७८ ची प्रीमियर पद्मिनी, १०८९ सीसी, स्टिअरिंगवरचा गिअर. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघाली आणि आमच्या काकांकडे दादरला वर्षानुवर्षं समुद्राच्या हवेत राहिली, मग आमच्याकडे आली. इथं सगळे म्हणायचे, अरे भो, आपल्याकडे मे महिन्यात ४४-४५ डिग्री, हवा कोरडी ठणठणीत, इथं कशाला गंज लागतोय. पण गंज तर गाडीसोबतच आला ना. खारट हवेतलं मीठ पत्र्याच्या जोडांत बसलेलं असतं, आपल्याकडचा पावसाळा आला की ते ओल धरतं, त्यात आपली काळी माती दाराखालच्या पेटीत जाऊन बसते आणि पाणी निघायची भोकं बुजवून टाकते. मग वर ऊन कितीही असो, आत महिनोन्महिने ओलच. गंज आतून बाहेर येतो, रंगावर फोड दिसतो तेव्हा आतला पत्रा बहुतेक संपलेला असतो.

याआधी एका गॅरेजने हेच काम करून दिलं होतं, नाव घेत नाही. सडलेल्या पत्र्यावर फायबरची जाळी चिकटवली, वर पुट्टी थापली, घासून रंग मारला. दिसायला गाडी एकदम नवी, घरचे सगळे खूश. एक पावसाळा गेला आणि त्याच जागी परत फोड. पुट्टी ओलावा शोषते, खाली गंज जिवंत असला की तो पुट्टीला ढकलून वर काढतोच, कारण लोखंडाचा गंज झाला की त्याचा आकार मूळ लोखंडाच्या कितीतरी पट वाढतो. त्यामुळे गंजावर पुट्टी भरणं म्हणजे पैसे पाण्यात, हे सरळ सांगतो.

या मिस्त्रीने गाडी आल्या आल्या काय केलं तर खिशातून कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक काढलं आणि पूर्ण गाडीवरून फिरवलं. जिथं चिकटत नाही तिथं खाली पत्रा नाही, पुट्टी आहे, म्हणून तिथं खडूने गोल. दोन्ही दारांखाली, मागच्या मडगार्डच्या कडेला, डिकीत स्टेपनीच्या खड्ड्याजवळ असे गोल झाले. मग मॅट काढायला लावली, खालचा नमदा उचलला तर तो ओलाच होता, आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक नुसतं टेकवलं तर फ्लोअरमधून आरपार खाली. म्हणाला, "भाऊ, वरतून गाडी भारी दिखस, पन मझार काहीच नही शे." म्हणजे आत काहीच उरलेलं नाही. आणि बॅटरीच्या ट्रेखालचा पत्रा दाखवला, तो अ‍ॅसिडने खाल्लेला, खारी बिस्किटासारखा पदर पदर सुटत होता.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. या फियाटला ट्रक-जीपसारखी वेगळी चॅसी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा नाही, बॉडी हीच चॅसी. दाराखालची पेटी म्हणजे सिल, तोच गाडीचा कणा. तो सरळ कापून काढला तर गाडी मधून बसते आणि मग दारं आयुष्यभर नीट लागत नाहीत. बरेच जण इथंच गाडीची वाट लावतात. याने आधी गाडी चारही बाजूंनी लेव्हलमध्ये घोड्यांवर, म्हणजे स्टँडवर घेतली, दाराच्या चौकटीत आतून लोखंडी अँगल आडवे-तिरपे वेल्डिंगचे टाके मारून बसवले, मापं भिंतीवर खडूने लिहिली आणि मगच ग्राइंडर लावला. एका वेळी एकच बाजू. एक सिल पूर्ण बसल्याशिवाय दुसऱ्याला हात नाही. मी समोर उभा राहून पाहिलंय, नवा सिल लागल्यावर अँगल काढायच्या आधी त्याने दार लटकवून लावून बघितलं, वरची-खालची फट बोटाने तपासली, एका कोपऱ्यात थोडी जास्त वाटली तर दोन टाके परत कापले. एवढी चिकाटी मी कुठल्याच गॅरेजात पाहिली नाही.

सिल तयार मिळत नाहीत, कुर्ल्याच्या स्क्रॅप मार्केटमध्ये मिळाले तरी तेही तितकेच सडके. याने २० गेजचा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा आणला आणि शेजारच्या कपाटं बनवणाऱ्याकडच्या बेंडिंग मशीनवर जुन्या तुकड्याच्या मापाने वाकवून घेतला. वेल्डिंग सीओटूने, म्हणजे तारेच्या विजेच्या मशीनने, गॅसच्या ज्योतीने नाही. गॅसने पत्रा तापून लाटा येतात आणि मग त्या लाटा झाकायला परत पुट्टीच भरावी लागते. सलग रेघ न ओढता इथं एक टाका तिथं एक टाका, मध्ये थंड होऊ द्यायचं, असं काम. पेटी बंद करायच्या आधी आतून झिंक प्रायमर मारला, हे मला फार आवडलं कारण आत कोणी बघणार नसतं.

जिथं पत्रा शाबूत पण वर खड्डे-खड्डे होते तिथं कप ब्रशने घासून गंजाचं केमिकल लावलं, फॉस्फरिक अ‍ॅसिडवालं. ते गंजाला काळपट करून बांधून ठेवतं, पण पोकळ पत्रा परत जिवंत करत नाही, हे लक्षात ठेवा, बाटलीवर काय लिहिलंय त्यावर जाऊ नका. वर राहिलेलं अ‍ॅसिड धुऊन, पूर्ण सुकवून मगच एपॉक्सी प्रायमर, नाहीतर प्रायमर धरत नाही. नुसता रेड ऑक्साइड प्रायमर मारून गाडी महिनाभर उघड्यावर ठेवणारे असतात, त्यातून ओल आत जाते. याच्याकडे घासलेला पत्रा रात्रभर उघडा राहत नाही, त्याच दिवशी प्रायमर. पुट्टी लावली, पण एपॉक्सीच्या वर आणि अगदी पातळ. जोडांवर सीलर, आणि रंग झाल्यावर खालच्या भोकांतून पेटीत मेण सोडलं. भोकं बुजली नाहीत ना हे सायकलच्या आऱ्याने एकेक करून दाखवलं.

रंगाबद्दल थोडं कमी बोलतो कारण तिथं मी शंभर टक्के खूश नाही. मूळ क्रीम शेडपेक्षा अर्धा सुर पिवळी गेलीय, उन्हात कळतं, आणि शेडमध्ये रंगासाठी बंद खोली (बूथ) नसल्याने बोनेटवर धुळीचे एक-दोन दाणे आहेत. मात्र उन्हाळ्यात तो दुपारी स्प्रे मारतच नाही, थिनर हवेतच उडून जातो आणि रंग भुरभुरीत बसतो म्हणून पहाटेच उरकतो, हे बरोबरच आहे.

पैसे म्हणाल तर पत्राकाम ३८ हजाराच्या आसपास आणि रंग धरून सगळं ८५ हजारांत बसलं. आधी दिलेल्या अंदाजापेक्षा वाढलं, कारण मागचं मडगार्ड उघडल्यावर आत आणखी सडलेलं निघालं, पण कापायच्या आधी फोन करून बोलावलं, दाखवलं आणि मग हात लावला. लेखी काही देत नाही, वेळ सांगतो त्याच्या दुप्पट लागतो, आणि एकटाच माणूस असल्याने घाई केली की सरळ गाडी घेऊन जा म्हणतो. काढलेला सगळा सडका पत्रा पोत्यात भरून गाडीसोबत देतो.

अजून एक. २०२१ च्या केंद्राच्या नियमात पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते, पण चॅसी, बॉडी शेल आणि इंजिन मूळ रूपात हवं, मोठा बदल चालत नाही. माझी पन्नाशीच्या जवळ आलीय म्हणून मी हट्ट धरला होता की आकार जसाच्या तसा पाहिजे, आणि याने पेटीवरची मूळ घडीसुद्धा तशीच काढून दिली.

जायचं असेल तर दिवाळीनंतर जा, हवा कोरडी असते आणि रंगाला थंडीही फार नसते. मृगाच्या तोंडावर नंबर लागत नाही. सीट, मॅट आणि दाराचे रबर घरीच काढून ठेवा, त्याचा वेळ वाचतो आणि तुमचं सामान हरवत नाही. इन्शुरन्स क्लेमची नवी गाडी त्याच्याकडे नेऊ नका, घेत नाही. आणि काम चालू असताना किमान सिल कापायच्या दिवशी तरी स्वतः जाऊन उभे राहा, तो बघू देतो, विचारलं तर सांगतोही.