पन्नास पैशांचे आभार : दिवाळीच्या सुट्टीत पोस्टकार्ड वापरून पाहताना

महाविद्यालयीन विद्यार्थ्याने कृतज्ञतेचा सराव करावा, असा सल्ला आजकाल समुपदेशकांपासून मोबाइलवरच्या अ‍ॅपपर्यंत सर्वजण देतात. सल्ल्यामागे आधार नाही असे मुळीच नाही. रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅकलॉ या मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातील एका प्रयोगात विद्यार्थ्यांनाच दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, ज्यांबद्दल आभारी वाटते अशा पाचपर्यंत गोष्टी लिहायला सांगितले होते, आणि रोजच्या कटकटी लिहिणाऱ्या गटापेक्षा त्यांना आपले आयुष्य अधिक समाधानाचे वाटल्याचे दिसले होते. अडचण असते ती वेळेची. सत्र परीक्षा दिवाळीच्या मागे-पुढे येते, सबमिशन आणि तोंडी परीक्षा डोक्यावर असतात, प्रात्यक्षिकांची जर्नले तपासून घेतानाच दमछाक होते. तेथे रोज रात्री आणखी एक वही उघडणे बहुतेकांना जमत नाही. कृतज्ञतेच्या नोंदींचे एक अ‍ॅप मीही काही काळ वापरले. ते दररोज ठरलेल्या वेळी आठवण करून देई आणि मी ती आठवण बोटाने बाजूला सारत असे. शिवाय ज्यांच्याविषयी लिहिले त्यांना त्याचा पत्ताही लागत नसे, ही त्यातली मोठी उणीव वाटली. म्हणून या दिवाळीच्या सुट्टीत भारतीय टपाल खात्याचे साधे पोस्टकार्ड याच कामासाठी वापरले. हे परीक्षण त्या सेवेचे आहे.

भारतात पोस्टकार्ड १ जुलै १८७९ रोजी पाव आण्याला सुरू झाले. आज त्याची किंमत ५० पैसे आहे. पन्नास पैशांचे नाणे व्यवहारात जवळजवळ दिसेनासे झाल्यामुळे कार्डे सम संख्येतच घ्यावी लागतात; पाच रुपयांत दहा कार्डे येतात, म्हणजे मेसबाहेरच्या एका चहाच्या खर्चात सुट्टीभराची सोय होते. देशाच्या कोणत्याही कोपऱ्यात याच दरात ते पोहोचते. या किमतीत खात्याचा खर्चही निघत नसणार, हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको. लहान डाकघरात हवी तितकी कार्डे एका वेळी असतीलच असे नाही, त्यामुळे मुख्य डाकघर गाठणे सोयीचे. पुण्यात शिकणाऱ्यांना लक्ष्मी रस्त्यावरचे सिटी पोस्ट जवळ पडते, मात्र दिवाळीच्या खरेदीच्या दिवसांत त्या रस्त्यावर जायचे असेल तर सकाळीच जावे.

वस्तू म्हणून कार्ड अत्यंत साधे आहे. कागद जाडसर, पण जेल पेनची शाई त्यावर पसरते, बॉलपेन उत्तम. एक बाजू पूर्ण मजकुरासाठी, आणि दुसऱ्या बाजूच्या निम्म्या भागात पत्ता. विद्यार्थ्याच्या दृष्टीने याचा खरा गुण म्हणजे ही अपुरी जागा. कोऱ्या वहीपुढे बसले की काय लिहावे असा प्रश्न पडतो आणि मग ‘कुटुंब, आरोग्य, मित्र’ अशी गुळगुळीत यादी तयार होते. पोस्टकार्डावर आठ-दहा ओळींपलीकडे काही मावत नाही, आणि समोर एकच माणूस असतो, त्यामुळे नेमके बोलावे लागते. प्रयोगशाळेतील सहायकांना लिहिताना ‘आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहे’ असे लिहून पाहिले, तर ते निरोप समारंभातल्या भाषणासारखे वाटू लागले. शेवटी त्यांनी प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी प्रयोगशाळा उघडी ठेवून जोडणी पुन्हा करू दिली, एवढीच घटना लिहिली आणि कार्ड भरले. शाळेच्या पत्रलेखनात शिकलेले ‘सा. न. वि. वि.’ आणि ‘कळावे, लोभ असावा’ हे साचे येथे अनपेक्षितपणे उपयोगी पडतात. थेट आभार मानण्याचा संकोच ते अर्धा कमी करतात.

हा संकोच खोटा नसतो, पण बहुधा अवाजवी असतो. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात आभाराचे पत्र लिहिणाऱ्यांनी, ते वाचून समोरच्याला किती अवघडल्यासारखे होईल याचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा जास्त केला होता, आणि त्याला किती आनंद होईल याचा कमी. मेसच्या काकूंच्या बाबतीत मला हेच दिसले. त्यांना कार्ड पाठवणे जरा नाटकी वाटेल, अशी धास्ती होती. मेस सुरू झाल्यावर समजले की त्यांच्या मुलीने ते मोठ्याने वाचून दाखवले आणि त्यात उपवासाच्या दिवशी वेगळ्या केलेल्या भगरीचा उल्लेख ऐकून काकूंनी ते पुन्हा वाचायला लावले. दिवाळीची पोस्त म्हणून आम्ही मुले दरवर्षी वर्गणी काढून काकूंना पाकीट देतो. ते देणे आवश्यकच आहे आणि कार्ड त्याची जागा घेऊ शकत नाही, हेही स्पष्टपणे नोंदवतो. ज्यांचे श्रम आपण घेतो त्यांना केवळ गोड शब्दांवर बोळवणे ही कृतज्ञता नव्हे.

उघडे असणे हा पोस्टकार्डाचा गुण तसाच दोषही आहे. पोस्टमनपासून शेजाऱ्यांपर्यंत कोणीही ते वाचू शकतो. फी भरायला मदत करणारे मामा, किंवा नापास झाल्यानंतरच्या दिवसांत सोबत राहिलेली मैत्रीण, यांना लिहायचे असेल तर अडीच रुपयांचे अंतर्देशीय पत्र घ्यावे. त्यात जागा भरपूर असते, फक्त आत दुसरे काही घालता येत नाही. फोटो किंवा भेटकार्ड जोडायचे असेल तर पाच रुपयांचे पाकीट. पोचण्याची वेळ मात्र यांपैकी कोणत्याही साध्या टपालात हमखास सांगता येत नाही, आणि वाटेत कार्ड कोठे आहे हे ऑनलाइन पाहण्याची सोयही नाही. माग हवाच असेल तर स्पीड पोस्ट आहे, कारण रजिस्टर पोस्टची स्वतंत्र सेवा २०२५ मध्ये त्यातच विलीन झाली. परंतु आभाराच्या चार ओळींसाठी तो खर्च मला तरी पटत नाही. भाऊबीजेलाच पोहोचले पाहिजे असा आग्रह असेल, तर साध्या पोस्टकार्डावर विसंबू नये.

सर्वांत जास्त वेळ लिहिण्यात जात नाही, तो पत्ते मिळवण्यात जातो. आपल्याकडे सर्वांचे मोबाइल क्रमांक असतात, पण शाळेतल्या बाई आता कोठे राहतात हे ठाऊक नसते. पिन कोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातील अधिकारी आणि संस्कृत कवी. त्यांच्या सहा अंकांमुळे गावाचे नाव दोन जिल्ह्यांत सारखे असले तरी घोटाळा होत नाही, म्हणून त्या सहा चौकटी रिकाम्या सोडू नयेत. पिन कोड टपाल खात्याच्या संकेतस्थळावर सापडतो. घर क्रमांक मात्र कोणाला तरी विचारूनच घ्यावा लागतो, आणि ‘कशाला हवा आहे?’ या प्रश्नाला काहीतरी उत्तर तयार ठेवावे.

अ‍ॅप किंवा रोजनिशीशी तुलना करता, व्यस्त विद्यार्थ्याला मी पोस्टकार्डाची शिफारस करेन. रोज लिहिण्याचे बंधन नाही, खंड पडल्याचा अपराधभाव नाही, आणि एका दुपारी तीन-चार कार्डे सहज होतात. पाचपैकी चार तारे. पोचण्याच्या अनिश्चिततेसाठी एक कापला आहे. कार्डे सुट्टी लागण्यापूर्वीच घेऊन ठेवावीत, कारण सणाच्या मुख्य दिवसांत डाकघर बंद असते, आणि पेटीत टाकण्याआधी तिच्यावरची टपाल काढण्याची वेळ पाहून घ्यावी.