ट्रान्सफरचा अर्ज: एसएटी देऊन की एसएटीविना?

एका कॉलेजातून अमेरिकेतल्या दुसऱ्या कॉलेजात पदवीसाठी ट्रान्सफर घ्यायची, तर एसएटी ही तिथली प्रवेश परीक्षा द्यावी की नाही? काही ठिकाणी हा प्रश्न मुळात उरतच नाही. एमआयटीला ट्रान्सफरसाठीही एसएटी किंवा एसीटी ही तशीच दुसरी परीक्षा लागते. उलट कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली, लॉस एंजेलिससह सगळ्या कॅम्पसवर स्कोअर पाठवला तरी तो प्रवेशासाठी बघत नाहीत. खरी द्विधा होते ती स्कोअर ‘ऐच्छिक’ म्हणणाऱ्या कॉलेजांबाबत. तिथे बारावीनंतरच्या प्रवेशाचं पान वाचून ठरवू नका, कारण ट्रान्सफरचा नियम कधीकधी वेगळा असतो. कॉलेजच्या ‘कॉमन डेटा सेट’मध्ये, म्हणजे प्रवेशाच्या आकडेवारीच्या ठरावीक नमुन्यातल्या अहवालात, डी५ या तक्त्यात ट्रान्सफरवाल्यांकडून काय मागतात ते एका नजरेत दिसतं. सी९ मधले स्कोअर मात्र पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलेल्यांचे असतात. त्यांच्याशी आपला स्कोअर ताडून बघा, पण अंदाजापुरताच.

एसएटीच्या बाजूने बोलायचं तर परीक्षा आता सुटसुटीत आहे. 2 तास 14 मिनिटं, 98 प्रश्न, गणितासाठी स्क्रीनवरच डेस्मॉस हा कॅल्क्युलेटर. कॅल्क्युलस शिकणाऱ्याला त्यातलं गणित सोपं वाटतं, पण घाईत पहिल्या मॉड्यूलमध्ये (विषयाच्या दोन भागांपैकी पहिल्यात) चुका झाल्या की दुसरं मॉड्यूल सोपं येतं आणि वरचे गुण हातचे जातात.

माझा कल एसएटीविना अर्ज करण्याकडे आहे, मी स्वतःही तेच केलं, आणि कारण एकच: तारखा. बऱ्याच निवडक कॉलेजांची ट्रान्सफरची मुदत 1 किंवा 15 मार्चच्या आसपास असते. जानेवारी-फेब्रुवारीत शनिवारची एसएटी नसते आणि मार्चच्या परीक्षेचा निकाल वेळेत येत नाही. म्हणजे शेवटची खात्रीची संधी डिसेंबरच्या पहिल्या शनिवारची. सेमिस्टरच्या फायनल्स त्याला अगदी लागून येतात. ट्रान्सफरमध्ये सगळ्यात आधी वाचतात ती कॉलेजची ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे गुणपत्रिका. चार क्रेडिटच्या ऑरगॅनिक केमिस्ट्रीत ए जाऊन बी आला, तर 15 क्रेडिटच्या सेमिस्टरचा जीपीए (ग्रेडची सरासरी) 4.0 वरून 3.73 वर येतो. एसएटीचे जादा 40 गुण ती घसरण भरून काढतील असं मला तरी वाटत नाही. द्यायचीच असेल तर ऑगस्टमध्ये द्या, सेमिस्टर अंगावर यायच्या आत.

भारतातल्या कॉलेजातून थेट अर्ज करणाऱ्यांसाठी मात्र पारडं थोडं दुसरीकडे झुकतं. एफवायचे 68 टक्के तिथल्या वाचणाऱ्याला कमी वाटू शकतात, आपल्याकडे तो फर्स्ट क्लास असला तरी. शिवाय कॉमन अ‍ॅप या अनेक कॉलेजांच्या सामाईक ऑनलाइन अर्जामध्ये ‘मिडटर्म रिपोर्ट’ नावाचा फॉर्म असतो. चालू सेमिस्टरच्या प्रत्येक विषयाच्या शिक्षकाने त्यावर आजवरची ग्रेड लिहून सही करायची. आपल्याकडे अशी मधली ग्रेड नसते. अंतर्गत चाचणीचे गुण ‘20 पैकी 16’ असे जसेच्या तसे लिहून घ्या आणि मूल्यांकनाची पद्धत सांगणारं प्राचार्यांचं पत्र सोबत जोडा. आपणहून टक्क्यांचा जीपीए करू नका. अशा अर्जात चांगला एसएटी स्कोअर निदान एक ओळखीचा आकडा देतो. कॉलेजची 30 पेक्षा कमी क्रेडिट्स असतील तर शाळेची कामगिरी जास्त बारकाईने बघतात, तेव्हाही त्याचा उपयोग होतो. टोफेल किंवा आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षांची गरज मात्र एसएटी दिली म्हणून टळेलच असं नाही, ते वेगळं तपासा.

परीक्षा दिलीच, तर एक खबरदारी. चार फुकट स्कोअर रिपोर्ट परीक्षेनंतर 9 दिवसांपर्यंतच मिळतात, म्हणजे निकाल दिसायच्या आधी. ऐच्छिक कॉलेजांची नावं तिथे भरू नका. थोडे पैसे गेले तरी चालतील, पण आकडा बघूनच पाठवा.