पावसाळी हिवाळ्यात लो टनेल किट: कमानी उत्तम, क्रॉप कव्हर बाजूला ठेवा

लो टनेल म्हणजे कमानींवर कागद ताणून केलेला बुटका बोगदा. भाजीच्या वाफ्यावर बसवायची त्याची किटं थंडीपासून संरक्षण म्हणून विकली जातात. कडाक्याच्या थंडीत ते बरोबरही आहे. पण हिवाळा सौम्य आणि पावसाचा असला की भाजी गारठून फारशी मरत नाही, सडते. पानं तासन्‌तास ओली राहतात, मुळांशी पाणी साचतं आणि ढगाळ उजेडात पिकाला पुन्हा उभं राहायची ताकद नसते. म्हणून अशा हवेत किटने दोनच कामं नीट करायला हवीत: वरचा पाऊस अडवणं आणि आत वारा खेळता ठेवणं. या कसोटीवर किटातला प्रत्येक भाग सारखा उतरत नाही.

इथे पाहिलेला प्रकार अगदी साधा आहे. 3 मीटर लांब, 60 सेंमी रुंद, 45 सेंमी उंच. गॅल्व्हनाइज्ड तारेच्या 5 कमानी, पॉलिथिनचा कागद, 17 जीएसएमचं (चौरस मीटरला 17 ग्रॅम) पांढरं क्रॉप कव्हर, म्हणजे पिकावर पांघरायचं पातळ कापड, आणि क्लिपा.

कमानी पैसे वसूल करतात, फक्त तार 4 मिमीची आहे ना ते बघून घ्या. 3 मिमीची तार ओल्या कागदाच्या वजनाने वाकते. खरी अडचण संख्येची आहे. 3 मीटरला 5 कमानी म्हणजे दोन कमानींत 75 सेंमी अंतर, आणि तेवढ्यात कागदाला झोळ पडतो. एक चौरस मीटर झोळात सरासरी 1 सेंमी पाणी साचलं तरी ते 10 किलो भरतं. रात्रभर पाऊस लागला तर सकाळी कागद लेट्यूसवर टेकलेला असतो. मध्ये आणखी 4 कमानी घाला, किंवा दोन्ही टोकांना खुंट्या ठोकून कमानींच्या माथ्यावरून सुतळी ताणून बांधा. कमानीचे पाय 20 ते 25 सेंमी खोल हवेत, कारण चिंब माती पकड सोडते.

वाफा 1.2 मीटर रुंद असेल तर हे किट घेऊच नका. 60 सेंमी उंचीच्या कमानीसाठी प्रत्येकी 2.4 मीटर तार आणि 2.5 मीटर पन्ह्याचा कागद सुटा आणणं बरं. आणि वाफा सपाट असेल तर आधी तो 15 ते 20 सेंमी उचलून गादीवाफा करा. आजूबाजूचं पाणी खालून मुळांशी आलं, तर वरचं छप्पर काही कामाचं नाही.

पॉलिथिन यूव्ही-स्टॅबिलाइज्ड (उन्हाने लवकर न विरणारं) आणि 150 ते 200 मायक्रॉनचं असावं. किटातल्या कागदाला दोन्ही टोकांना नाडी असते, ती आवळून बंद करायचा मोह होतो. तीच सगळ्यात मोठी चूक. बंद बोगद्यात रात्रीची वाफ कागदाला आतून धरते, थेंब होऊन पानांवर टपकते, आणि 15 ते 20 अंशांत करडी बुरशी झपाट्याने पसरते. लेट्यूसवर केवडा हा बुरशीरोगही अशाच ओलाव्यात येतो. टोकं उघडीच ठेवा. वाऱ्याकडची कड मातीत पुरा, आडोशाची कड जमिनीपासून 10-15 सेंमी वर क्लिपांनी धरा. वादळ किंवा दहिवर गोठणारी रात्र असेल तेव्हाच बंद करा, सकाळी लगेच उघडा.

बाहेर धो धो पाऊस असताना आत माती कोरडी पडते, हेही लक्षात येत नाही. बोट 5 सेंमी खाली घालून पाहा. कोरडं लागलं तर सकाळच्या वेळी बुडाशी पाणी द्या, पानांवर नको.

किटातला सगळ्यात कमकुवत भाग म्हणजे क्रॉप कव्हर. ते साधारण 2 अंशांचं संरक्षण देतं, पण सौम्य हिवाळ्यात त्याची गरज एखाद्या रात्रीपुरतीच. पावसात ते भिजून पानांना चिकटतं, शेवाळतं आणि आधीच कमी असलेला उजेड आणखी अडवतं. घडी करून ठेवून द्या. त्याऐवजी किटात पक्ष्यांची जाळी असती तर जास्त उपयोग झाला असता, कारण या दिवसांत कबुतरं केलची (कोबीच्या कुळातली पालेभाजी) पानं शिरेपर्यंत फस्त करतात.

शेंबड्या गोगलगायींना टनेलचा आडोसा फार मानवतो. 5 अंशांच्या वर त्या फिरतच असतात. खालची पिवळी पानं काढून टाका, वाफ्याच्या कडेला ओली फळी ठेवून रोज सकाळी ती उलटा आणि खालच्या गोगलगायी वेचा. फेरिक फॉस्फेटच्या गोळ्या विरळ टाकल्या तरी पुरतात; ढीग घालून फायदा नाही.

टनेलखाली जागा द्या ती लेट्यूस, पालक, मिझुना (मोहरीच्या कुळातली जपानी पालेभाजी), कोथिंबीर अशा नाजूक पानांना. लेट्यूसची रोपं 25 सेंमीवर लावा, दाटी केली की बुरशी आलीच. केल, लीक (कांद्याच्या कुळातली भाजी), लसूण उघड्यावर छान तग धरतात. जिथे हिवाळ्यात दिवस 10 तासांपेक्षा लहान होतो, तिथे त्यानंतर वाढ जवळपास थांबते. रोपं त्याआधीच तीन-चतुर्थांश मोठी झालेली असावीत. उशिरा पेरलेल्या पिकाला कुठलंही टनेल मोठं करू शकत नाही. नत्राचं खतही आता नको. उघड्या वाफ्यातलं पावसाने वाहून जातं, झाकलेल्या वाफ्यातलं पानं लुसलुशीत करून बुरशीला आयतं देतं.

तोडणी बाहेरच्या पानांची करा, मधली 5-6 ठेवा. वेळ दुपारनंतरची: पानं कोरडी असतात, आणि उजेड मिळाल्यावर पानांतलं नायट्रेट सकाळपेक्षा कमी असतं. सौम्य हिवाळ्यात केलला थंडीची गोडी फारशी चढत नाही, म्हणून तळहाताएवढी कोवळी पानंच खुडा, जून पानं शिजवायला ठेवा. पालकाच्या देठाच्या बेचक्यात चिखल बसतो, तेव्हा वाहत्या पाण्यापेक्षा मोठ्या भांड्यात दोनदा बुचकळून पाने वर उचलून घ्या. पूर्ण निथळल्याशिवाय फ्रिजमध्ये ठेवू नका.