सनस्क्रीन की सनकोट?

भाचीला नागपुरात नोकरी लागली. भर उन्हात स्कूटीवरून ये-जा. सनस्क्रीनवर पैसे घालू की सनकोट-स्कार्फ पुरे, हा तिचा प्रश्न.

खर्चात सनकोट सरळ जिंकतो. एकदा घेतला की दोन-तीन उन्हाळे निघतात. सनस्क्रीन चेहरा आणि मानेला दोन बोटं भरून लागतं. वाटाण्याएवढं लावलं तर ट्यूबवरचा एसपीएफ, म्हणजे ऊन अडवण्याचा आकडा, नावापुरताच. एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के यूव्हीबी, म्हणजे त्वचा भाजणारे किरण, अडवतं, ५० सुमारे ९८. त्या एका टक्क्यापेक्षा पुरेसं लावणं महत्त्वाचं. यूव्हीए, म्हणजे त्वचेत खोल शिरणाऱ्या किरणांसाठी, ट्यूबवर 'पीए'पुढची अधिकचिन्हं मोजा; जितकी जास्त तितकं बरं.

शिवाय दर दोन तासांनी पुन्हा लावा, घाम पुसला तरी लावा. कोट चढवला की विषय संपला, पण मे महिन्यात सिग्नलला उकडून निघतं, ते सोसायचं. घेताना कापड उजेडासमोर धरा. आरपार दिसलं तर ऊनही आत येणार. पातळ पांढरं सुती कापड घामाने भिजलं की आणखीच कुचकामी.

स्कूटीवाल्यांनी कोट आणि हातमोजे घ्यावेत, स्कार्फबाहेर राहणाऱ्या नाक-गालांना सनस्क्रीन. पोहणाऱ्यांना सनस्क्रीनवाचून गत्यंतर नाही. शेतात दिवसभर राबणाऱ्यांनी घट्ट विणीचा पूर्ण बाह्यांचा सदरा आणि रुंद काठाची टोपीच धरावी.